राजवाड्याचा पडदा

वडसा
मंगळवार, ९ डिसेंबर १९८६

आदरणीय मामाजी,

सविनय जयभीम. आपलं कार्ड काल पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. चंदाचा खोकला थांबला. थंडी यंदा हाडात शिरते आहे. मामींच्या गुडघ्यांचं कसं आहे ते कळवावं.

धाकट्या सीतासाठी स्थळ आलं, आनंद झाला. सोमवारी आपण त्या पाहुण्यांना इकडे आणणार, थोरला जावई वनखात्याच्या ऑफिसात कसा बसतो ते दाखवणार, असं लिहिलंत. तेवढं करू नये. ऑफिसात सध्या फार धावपळ आहे.

हे खोटं लिहिलं. खोडणार होतो, पण खाडाखोड पाहून आपण विचारलंच असतं. राहू द्या.

नाटकांचे पडदे मी रजा काढून रंगवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. धान कापून झालं की गावोगाव मंडईची जत्रा भरते, नाटकं लागतात, आणि नेमकी तेव्हाच रजा मिळत नाही. साहेब म्हणाले, दोहोंपैकी एक काय ते ठरव. मी ठरवलं. राजीनामा देऊन महिना झाला, मामाजी.

लग्नात आपण सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "आपल्या पोराले खुर्ची भेटली, ते एकट्याची नाई, साऱ्या मोहल्ल्याची हाय." ते आठवून महिनाभर पत्र लिहायला हात धजला नाही. मी खुर्चीला कंटाळलो नव्हतो. पण सात वर्षं आवक-जावक लिहिली, आणि एकदाही कोणी थांबून पाहिलं नाही. एका गावात माझा राजवाड्याचा पडदा उघडला तेव्हा बायाबापड्या "आगं माय" म्हणाल्या. ते ऐकून आनंदाने मला भूक लागेना.

आता भीतीचं सांगतो. नोकरी सोडल्यावरचा पहिलाच पडदा मी घाईत डिंकाच्या रंगात केला आणि मैदानात ताणून ठेवला. दव पडलं. सकाळी राजवाड्याचे खांब ओघळून पायऱ्यांवर आलेले. नाटक मंडळीचे मालक मुखरूभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पेंटर, तुया राजा आता कुठी राहीन रे?" लोक हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन आडवा झालो.

चंदा हसली नाही. तिने उरलेला मांजरपाट काढला, रात्रीपर्यंत जोडपट्टी शिवली आणि म्हणाली, "डिंक काऊन वापरता? हाडांचा सरस शिजवा, वरून तुरटीचं पाणी मारा. आम्ही लुगडी रंगवताना तुरटीच टाकत होतो." तसा दुसरा पडदा केला. तीन रात्री दवात आहे. रोज सकाळी बोट लावून पाहतो. बोट कोरडं निघतं. मुखरूभाऊ शुक्रवारच्या नाटकात तो लावून पाहणार आहेत. टिकला तर त्यांच्या सगळ्या पडद्यांचं काम माझं. नाही टिकला तर या मोसमात मला कोणी दारात उभं करणार नाही.

त्याहून मोठी भीती सीताची. माझ्यामुळे तिचं स्थळ मोडलं तर मी चंदाला तोंड कसं दाखवू? तरीही पाहुण्यांना सोमवारच्या आधी खरं कळायला हवं. उद्या तिला त्या घरात राहायचं आहे. आपल्या तोंडून निघणं जड जात असेल तर निरोप धाडा, मी पहिल्या एसटीने चिमूरला येतो आणि त्यांच्यासमोर बसून सांगतो, की थोरला जावई पडदे रंगवतो. आपण सांगाल ते सगळं ऐकून घेईन. फक्त "दुसरी नोकरी लागेपर्यंतच पडदे" एवढं माझ्याकडून म्हणवून घेऊ नका.

जावई म्हणवून घेण्याची अजून परवानगी असेल, तर आपला जावईच,
हरिदास