आईचा दोर

२ मे
संध्याकाळी येवल्याकडे वादळ झालं. आई फोन उचलेना. जीव टांगणीला! शेवटी उचलला तर म्हणते, "दोर धरून बसले व्हते, फोन कशानं उचलू?"

आढ्याला बांधलेला तो दोर! वारा सुटला की पत्रे उचलतात, वर ठेवलेले दगड गडगडतात आणि माझी एवढीशी आई छप्पर खाली ओढून धरते. पूर्वी अण्णा आणि ती, दोघं धरायची. अण्णा गेल्यापासून एकटीच. शहरात, इंदिरानगरला माझ्याकडे ये म्हटलं की ठरलेलं उत्तर — "मग दोर कोण धरंल?"

यंदा विचारणार नाही. थकले मी. राहू दे तिथंच, पण पत्रे तरी पक्के बसवून देते.

६ मे
इथल्या द्वारका चौकातल्या दुकानातून पत्रे घेतले. सोबत कंपनीचं माहितीपत्रक, चक्क मराठीत. दोनदा वाचलं.

९ मे
गावी. पत्रे बसवायला जमीलभाई आले. पहिल्याच पत्र्याला स्क्रू मारले ते खोलगट पन्हळीत! मी कागद घेऊन शिडीखाली उभी — स्क्रू उंचवट्यावर, खाली रबरी वायसर, वर दगड ठेवायचे नाहीत.

"ताई, इकडं समदे असंच मारत्यात."

"पाणी पन्हळीतूनच वाहणार ना? आणि भोकंही तिथंच?"

जमीलभाई हसले. तो पत्रा गोठ्याला गेला. पुढे प्रत्येक स्क्रूला वरून हाक — "वाचा ताई!"

कागदात होतं, वारा कुठून येतो ते बघून पत्र्यांचे जोड घ्या. आम्ही दोघं आभाळाकडे बघतोय. आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हसोबाच्या अंगानं. दोर तिकडूनच वढ खातो."

१० मे
उरलेल्या जुन्या पत्र्यांवरचे दगड उतरवले. आई प्रत्येकाला हात लावत होती. "ह्यो तुझ्या अण्णांनी वढ्यातून आणला." मग माझ्यावरच भडकली — "दगडाबिगर पत्रा ऱ्हातो व्हय? वारा काय तुझा कागद वाचून येतो?"

दोर काही सोडू दिला नाही. मीही हट्ट केला नाही. तिच्या हातावरचे वळ बघून मला रडू येत होतं.

१६ मे
पुन्हा गावी. चहा झाला आणि वारा सुटला. शेजारची ताडपत्री उडाली. आई लगेच दोराखाली, हाताला वेढे देऊन! मी शेजारी बसले. तिचा मोकळा हात धरला.

छप्पर हललं नाही. दोर नुसता सैल लोंबत होता. आई वर बघत राहिली, वारा पडला तरी. मला वाटलं, दुखावली.

१७ मे
सकाळी उठले तर आढ्याला दोर नाही. दारात आईची वळकटी — त्याच दोराने आवळून बांधलेली.

"पत्र्याला आता माझी गरज नाय," आई म्हणाली. "येऊ का गं तुझ्याकडं?"