खण तसाच राहील

मी, खाली सही करणारा निवृत्त भूलतज्ज्ञ, पूर्ण शुद्धीत (आयुष्यभर दुसऱ्यांची घालवली, माझी शाबूत आहे) व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचे रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलीस. तिच्या आईच्या मरणाच्या चौकशीनंतर ती माझ्याशी बोललेली नाही. पण अबोल्याने हक्क जात नाही.

२. बँकेतील ठेव त्या सिस्टरना, ज्यांच्या हातून माझ्या पत्नीला चुकीचे इंजेक्शन गेले. याला कोणी म्हातारचळ म्हणू नये.

किरकोळ शस्त्रक्रियेनंतर पत्नी माझ्याच रुग्णालयात दगावली. मुख्य डॉक्टर, माझा जुना मित्र, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अचानक हृदय बंद पडलं रे." मग सिस्टर आल्या. "सर, माझ्या हातून दुसरीच बाटली उचलली गेली. तुम्हाला खरं कळायला हवं."

दोन्ही बाटल्या हुबेहूब सारख्या, एकाच खणात. बाई सलग दुसऱ्या पाळीवर. चौकशीत मी म्हणालो, "यांना काढाल, पण खण तसाच राहील. उद्या दुसरीच्या हातून हेच होईल."

मित्र म्हणाला, "कुणाला तरी काढावंच लागतं. लोकांना काय तोंड दाखवू?"

खरे बोलणारी घरी गेली, लपवणारे खुर्चीत राहिले. पुढे तिथे कोणी चूक कबूल केल्याचे ऐकिवात नाही.

मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही तिची बाजू घेता?"

३. मित्रास काही नाही. अंत्यविधीला यावे, भाषण करू नये.

४. पुस्तके व उपकरणे नव्या डॉक्टरांना. बाळांनो, औषधाचे नाव मोठ्याने वाचा, शेजारच्याला ऐकवा. तरीही चुकलात, तर नातेवाइकांजवळ बसून स्वतः सांगा.

५. मुलीस विनंती, घराला ही अट नाही. त्या सिस्टरना एकदा भेट. शेवटी आईचा हात त्यांच्या हातात होता, आणि आई तुझ्यासाठी काही बोलली. मी विचारले तर म्हणाल्या, "ते ताईंचं आहे. त्यांनाच सांगेन." त्या अजून तुझी वाट पाहताहेत.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: आज, सोमवार
सही: (भूलतज्ज्ञ)

सही आमच्यादेखत झाली:
१. शेजारचे शिंपीकाका (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)