काचेच्या चौकटीतला झेंडू

मंगळवार, ७ नोव्हेंबर १९४४, अमरावती

निघून परत आलो! बडनेऱ्याच्या अलीकडेच मोटारीची पुढची काच खडखडायला लागली. उतरून बोट लावलं तर खालची चौकट हातात आली—नुसता गंज. काच निसटून अंगावर आली तर? लढाईपायी नवी काच मुंबईतही मिळत नाही.

सत्यभामा अकोल्याला माहेरी, महिनाभर तापाने पडून. डॉक्टर म्हणाले, मागच्या सीटवर निजवून नेणार असाल तर न्या. तिचा एकच हट्ट—"मले आपल्याच मोटरीत न्या."

बुधवार, ८

अब्दुल गफ्फार मिस्त्रींना मोटार दाखवली. शुक्रवारशिवाय सवड नाही म्हणाले. आगगाडीने जाऊन नुसतं भेटून यावं का? पण मोटारीशिवाय गेलो तर तिला काय सांगू!

शुक्रवार, १०

नमाजाहून आल्यावर मिस्त्रींनी चौकट उघडली. आत काय निघालं? कुजलेला झेंडू! कुंकवाचा चिखल, तांदळाचे दाणे. दसऱ्याला मोटारीची पूजा सगळेच करतात. ही बाई पाच वर्षं रोज करत होती. मी उतारू घेऊन मोर्शीच्या फेरीला निघायच्या आधी काचेच्या फटीत ओलं फूल खोचायचं, वरून तांब्यातलं पाणी शिंपडायचं. मीही कधी नको म्हणालो नाही. पाणी आत मुरत गेलं.

डोकंच फिरलं माझं. तिथेच बसून कार्ड लिहिलं—"तुझ्या फुलांनी माझी मोटार खाल्ली. आता राहा तिथेच." येताना पेटीत टाकलंही.

शनिवार, ११

काय करून बसलो मी! तिला वाचता येत नाही. तिचा भाऊ शालिकराम तिच्या उशाशी बसून मोठ्याने वाचेल.

सकाळीच पोस्टात धावलो. थैली गेलेली. उद्या रविवार, टपाल वाटत नाहीत. एवढाच एक दिवस हातात आहे.

मिस्त्रींनी सडलेला भाग कापून काढला. परतवाड्याहून आणवलेल्या जुन्या मडगार्डाचा पत्रा पितळेची झाळ देऊन जोडला. मला राहवेना, कार्डाचं त्यांना सांगून टाकलं. त्यांनी चौकटीला खालून दोन बारीक भोकं पाडली. म्हणाले, "वहिनीले फूल ठेवू द्या भाऊ. पाण्याले मी वाट करून देली."

मला रडू आलं.

रविवार, १२, पहाट

फटीत झेंडू मीच खोचला. पाणीही शिंपडलं. निघतो.

सोमवार, १३, अकोला

कार्ड आलं. दारात मीच होतो. पोस्टमनने विचारलं, सत्यभामाबाई कोण? काल सकाळी गेली, म्हणालो. मी तेव्हा मूर्तिजापूरपाशी असेन. शालिकराम सांगतो, रात्रभर विचारत होती, "मोटर निघाली का?"

कार्ड तिच्या कानावर गेलं नाही. माझ्याच हातात आलं.