बांगड्यांच्या दुकानाची गादी व संगणकातील साठा यांची व्यवस्था

मी, गुंडप्पा शिवलिंगप्पा बळेगार, वय त्रेपन्न, धंदा बांगड्यांची किरकोळ विक्री, राहणार बसवकल्याण, जिल्हा बिदर, हे पूर्ण शुद्धीत लिहितो. पुढल्या आठवड्यात सोलापूरला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांना खात्री आहे; मला लिहून ठेवलेले बरे वाटते. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. वकिलाने सुचवलेली दोन वाक्ये मी खोडली आहेत.

१. राहते घर पत्नी रुद्रम्मा हिला. तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी हेमावती हिला.

२. जत्रेत लावायचा तंबू व काचेच्या पेट्या धाकटा भाऊ गुरुलिंग याला. जत्रेत तो माझ्यापेक्षा जास्त विकतो, हे मान्य.

३. रेडिओ दुरुस्तीची हत्यारे विकावीत. त्यांतले मीटर शेजारच्या रामरावांनी चार दिवसांसाठी म्हणून १९८१ साली नेले आहे. ते मागायला जाऊ नये. त्यांनाही आठवण आहे.

४. संगणक, प्रिंटर, सर्व फ्लॉप्या व साठ्याचा प्रोग्राम हेमावतीला. हा प्रोग्राम मी कोणत्याही वर्गाला न जाता, पुस्तके वाचून रचला. रंग, घाट व माप टाकले की शिल्लक दिसते. माल कमी झाला की मागणी छापून निघते. बांगडीचे माप दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा असे चढते. ते मी दशांशात घेतले होते. दशांशात शेवटच्या शून्याला किंमत नाही, म्हणून दोन-दहाचे दोन-एक झाले, आणि ऐन लग्नसराईत व्यापाऱ्याने सर्वांत लहान मापाचा माल पाठवला. गुरुलिंग भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "अण्णा, नवरी मांडवातली का पाळण्यातली, एवढं तरी कळतंय का तुझ्या मशीनला?" यंत्राने सांगितले तेवढेच केले, असे मी उत्तर दिले. ते आजही बरोबर आहे.

हेमावती म्हणाली, "अप्पा, मापाची बेरीज कोण करायलंय? त्ये नाव हाय, लाल-हिरवं असतंय तसं. नाव म्हणूनच घाला की." तसे घातले. तेव्हापासून साठा जुळतो.

५. दुकान, परवाना व दर्शनी गादी हेमावतीला, एकटीला. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून ती आतल्या खोलीत संगणकावर बसते. गुरुलिंगचे म्हणणे, "आत बसू दे, माझी ना न्हाई. पर गादीवर कामून बसवायलास? कोण सवाष्ण हिच्याम्होरं हात करंल?" त्यावर रुद्रम्माने विचारले, "भावजी, लिंगायताला ईटाळ कसला? गळ्यात लिंग हाय का नुसता दोरा?" तो जेवण टाकून उठला. मी तेव्हा काही बोललो नव्हतो. माझे बोलणे हे कलम समजावे. गुरुलिंगने हरकत घेतल्यास तंबू व पेट्याही हेमावतीच्या.

६. माझ्या मरणानंतर रुद्रम्माच्या हातातल्या बांगड्या कुणी फोडू नयेत. हेमावतीच्या फोडल्या तेव्हा मला कुणी विचारले नाही, म्हणून आधीच सांगत आहे. माझ्या प्रोग्राममध्ये फुटीचे दोन रकाने आहेत: वाटेत फुटलेल्या व हातात भरताना फुटलेल्या. तिसरा रकाना मी ठेवलेला नाही. हेमावतीनेही तो घालू नये.

सही: गुंडप्पा शि. बळेगार

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. व्यंकट माणिकराव बिरादार, शिंपी, बसवकल्याण
२. राजूबाई ज्ञानोबा सोनकांबळे, शिक्षिका, हुलसूर

बसवकल्याण, १४ नोव्हेंबर १९८९