पऱ्हाटीची पांढरी धूळ

प्रिय आई,

आज सकाळी शेवंतामावशी तुझ्या जागेवर कामाला आली. तुझाच निळा झगा साडीवर चढवून ती शेडकडे चालत गेली आणि मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत राहिले. पुढे जे झालं ते तुलाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगू? तू गेलीस तेव्हा मी रडले, पण घाबरले नव्हते. आज घाबरलेय. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

तू प्रयोगशाळेत पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो? बाबा गेल्यापासून तू सक्करदऱ्याच्या घरात विड्या वळत होतीस. मी बी.एस्सी. होऊन संशोधन सहायक म्हणून लागले, तीही दरवर्षी नव्यानं कागद मिळणारी तात्पुरती जागा. शेडवर रोजंदारीची बाई हवी होती, तुझं नाव मीच सुचवलं. आणि तू पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मला 'मॅडम' म्हणालीस! घरी येऊन किती भांडले मी. तू शांतपणे म्हणालीस, "तिथं तू मॅडमच आहेस वं. घरी रतन."

आमचं काम काय आहे ते तुला प्रयोगशाळा चालवणाऱ्या साहेबांपेक्षा लवकर कळलं होतं. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी पऱ्हाटी उरते. ती चुलीत जाते, नाहीतर बांधावर पेटवून देतात. साहेबांना तिच्या फळ्या करायच्या होत्या, जंगल न तोडता. काडीला टणक ठेवणारा जो चिकट भाग असतो तो रसायनांनी काढला तर सगळी घाण नाल्यात जाते. म्हणून तो भाग खाऊन टाकणारी बुरशी आम्ही शोधत होतो. कुठून कुठून बुरशा मागवल्या, वाढवल्या, काडीवर सोडल्या. काडी तशीच टणक.

एकदा झाडता झाडता तू थांबलीस. "माझ्या माहेरी गोठ्यामागं अशी काडी सडते. वर पांढरं येते तिच्यावर. हातानं पिंजली त कापसावानी होते." मी ऐकून सोडून दिलं असतं. पण पुढच्या रविवारी तू खाप्याची एसटी धरलीस, तिथून पायी माहेरी गेलीस आणि संध्याकाळी भाजीच्या पिशवीत ती ओली, पांढरी काडी घेऊन आलीस. सोमवारी साहेब सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत होते. काही आठवड्यांत आमच्या ढिगातली काडी हातानं सुटायला लागली. पहिली फळी दाबून निघाली तेव्हा साहेब बूट काढून तिच्यावर उभे राहिले, आणि ती मोडली नाही. तू तोंडाला पदर लावून हसत होतीस.

त्या बुरशीला अहवालात एक क्रमांक मिळाला. तुझं नाव कुठंच नव्हतं. मला तेव्हा ते खटकलंसुद्धा नाही, आई.

मग मोठे ढीग लागले. पिकलेला ढीग फोडायचा, काड्या झटकायच्या, वाळवायच्या. दार बंद, कारण वाऱ्यानं बुरशी बाहेर जायला नको. तू आत काम करायचीस तेव्हा नुसता पांढरा धूर दिसायचा. बाहेर यायचीस तर केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. मी एकदा म्हटलं, म्हातारी झालीस की गं. तू म्हणालीस, "होऊ दे. तुह्या लग्नाले शोभीन."

म्हातारी व्हायला मिळालं नाही तुला.

आधी संध्याकाळचा ताप आला. सकाळी ढीग फोडायचीस आणि दिवेलागणीला थंडी भरायची, छाती आवळायची. रविवारी बरं असायचं, सोमवारी पुन्हा तेच. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून क्षय सांगितला, विड्यांच्या तंबाखूला दोष दिला, सुया सुरू केल्या. तू महिनाभर घरी राहिलीस आणि सुधारलीस. सगळे म्हणाले, औषध लागू पडलं. मीही म्हटलं.

आता ते सांगते, जे मी तुला सांगितलं नाही.

तू घरी असतानाच्या त्या महिन्यात मी ग्रंथालयात दुसरंच काही शोधत होते. परदेशी नियतकालिकाचा एक जुना अंक हातात आला. त्यात तिकडच्या शेतकऱ्यांविषयी लिहिलं होतं. बुरसलेलं गवत हलवणारी माणसं. कामानंतर काही तासांनी ताप, धाप, कामापासून दूर राहिली की बरी होतात, परत गेली की पुन्हा. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात. फोटोवरून क्षय समजून चुकीचे उपचार होतात, असंही होतं. मी ते पान दोनदा वाचलं. प्रत्येक ओळीत तू होतीस. मग मी अंक मिटला आणि होता तिथं ठेवून दिला.

का? मी स्वतःला सांगितलं, ते गवत आहे, ही पऱ्हाटी. पण खरं तेवढंच नव्हतं. अहवाल दिल्लीला जायचा होता. तो मान्य झाला की माझी जागा कायम होणार होती. शेड बंद पडलं असतं तर तुझं काम गेलं असतं, माझंही. मी घाबरले. तू पुन्हा कामावर निघालीस त्या सकाळी एवढंच म्हणाले, तोंडाला पदर घट्ट बांध. तू विचारलंस, "काहून वं?" मी म्हटलं, "धूळ जाते."

तू तरी काहून दुसऱ्यांदा नाही विचारलंस, आई? माझ्यावर इतका विश्वास कशाला ठेवलास?

धाप वाढत जाऊन तू गेलीस. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला साहेब घरी आले. तुझी पाठची बहीण एकटी आहे, हे कळल्यावर त्यांनी तुझी जागा तिला देऊ केली. सगळ्यांना ती माणुसकी वाटली, आणि होतीही. मी त्यांच्या हातात चहा दिला आणि गप्प बसले.

आज मात्र मावशीनं शेडचं दार आतून ओढून घेतलं आणि माझे पाय आपोआप पळाले. मी दार ठोठावून तिला बाहेर बोलावलं. पायरीवर बसवून सगळं सांगितलं, अंकातलं पानसुद्धा.  तिनं विचारलं, "तुले हे कधीपासून माहीत होतं?"

"आई परत कामावर गेली, त्याच्या आधीपासून."

"मंग ताईले काहून नाही सांगितलं?"

"भेव लागलं, मावशी."

ती म्हणाली, "आन आता नाही लागून राहिलं?"

"आता जास्त लागून राहिलं."

तिनं झगा काढला, घडी करून पायरीवर ठेवला, नळावर हातपाय धुतले आणि फाटकाबाहेर निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही. 

मग ग्रंथालयातून तो अंक काढून मी साहेबांकडे गेले. त्यांनी उभ्यानंच वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले की हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ते खरं वाटतं. त्यांनी स्वतः जाऊन शेडला कुलूप लावलं. अहवाल थांबेल, माझ्या जागेचं आता काही सांगता येणार नाही, हेही सांगितलं. शेवटी हळूच विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय? मी म्हटलं, ठीक आहे.

ठीक नाही, आई. दर सोमवारी नमुने घ्यायला मीही आत जायची. गेले तीन सोमवार संध्याकाळी मला थंडी वाजून ताप येतोय. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते आणि कुणी पाहिलं तर चप्पल नीट करते. आत्ताही दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावून बघतेय. तुलाही अशीच भीती वाटायची का? मला दाखवली नाहीस ती?

कामासाठी इथं राहायला आलेली मावशी अजून परतली नाही. ती पुन्हा या घरात येईल की नाही, ठाऊक नाही.

उद्या मी मोठ्या इस्पितळात जाऊन छातीचा फोटो काढून घेणार आहे, आणि डॉक्टरांना तो अंक दाखवणार आहे. तुझी बुरशी थंड कपाटात नळीत जिवंत आहे. ती टाकून द्यावी असं आज मनात आलं होतं, पण हात धजला नाही. पऱ्हाटीची फळी व्हायलाच हवी. पण ढीग उघड्यावर, पाणी मारून फोडावे, कुणाच्याही छातीत ते पांढरं न जाता. नोकरी राहिली तर हेच करीन.

आणि राहो न राहो, एक वचन देते. थांबलेल्या अहवालाला मी एक पान जोडणार आहे. त्यावर तीन वाक्यं असतील. ही बुरशी माझ्या आईनं शोधून आणली. तिच्या धुळीनं माझी आई गेली. तिसरं वाक्य लिहायची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि तेच मी आधी लिहीन: मला माहीत होतं.

तुझी,
रतन