सेरियमला लावलेली कानस

अब्बा, पुण्यात मी नक्की काय करते हे तुम्ही पौडच्या बाजारात ज्याला-त्याला सांगायचात आणि दर वेळी वेगळंच सांगायचात. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, आता नीट सांगते. सेरियम नावाचा मऊ धातू असतो. निकेलबरोबर वितळवला की त्याचं चुंबकत्व दबून राहतं. निकेल काढून त्याजागी थोडं थोडं तांबं घालत गेलं की ते जागं होतं. किती तांब्याला, एवढंच मला शोधायचं होतं. ऐंशी सालानंतरची माझी सगळी उमेदीची वर्षं त्यातच गेली.

सेरियमवर हवेनं काळपट थर धरतो, तो वितळवण्याआधी घासून काढावा लागतो. प्रयोगशाळेतल्या कानशी बोथट झाल्यात, अशी मी घरी कुरकुर केली. तुम्ही कल्हईची भट्टी तशीच सोडून उठलात आणि तुमची लाडकी कानस पुढे केलीत. तांबं घासायची कानस वेगळी, लोखंड घासायची वेगळी, यावरून लहानपणी मी तुमचा मार खाल्लेला. म्हणून विचारलं, ही कशाची? "लोखंडाची हाय. पर तेजाबानं तीनदा धुतलीया. घे पोरी, लई गुणाची हाय." तुम्ही स्वतःचा नियम माझ्यासाठी मोडलात, याचंच मला कौतुक वाटलं आणि मी ती घेतली.

पुढच्या नमुन्यात तांबं नावालाच होतं, तरी चुंबकत्व धाडकन वाढलं. माझे मार्गदर्शक सर खूश, शोधनिबंध लिहायलाही बसले. मला मात्र चैन पडेना. बिनतांब्याचा नमुना कानस येण्याआधी केलेला होता. तो मी पुन्हा केला, तुमच्या कानशीनं घासून. तोही तसाच वागला! दात्यांच्या खाचांत लोखंडाचा कीस उरला होता, आणि मी तो सेरियमचा गुण समजून बसले होते. सकाळी सरांसमोर उभी राहिले. "सर, हे तांब्यामुळे नाही, लोखंडामुळे आहे. सगळं पुन्हा करते." सर म्हणाले, "वर्ष जाईल." घरात माझ्या लग्नाचं चाललेलं, तरी मी म्हटलं, "जाऊ दे." कोरी कानस आणली. आधी बिनतांब्याचा नमुना तिनं घासून पाहिला, तो गप्प राहिला, मग पुढचे केले. त्या कानशीला कुणी हात लावला की मी भांडायचे. चुंबकत्व आलं, चांगलं भरपूर तांबं घातल्यावर, हळूहळू. पण ते सेरियमचं होतं.

वर्ष का वाढलं, ते तुम्हाला मी परीक्षकांच्या नावावर खपवलं. चूक प्रबंधात लिहिली, चारचौघांत सांगितली. एका सोमवारी एसटी स्टँडवर तुम्ही चहावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंत, "माझी कानस चालतीया न्हवं?" मी म्हटलं, "व्हय अब्बा, तिच्यावाचून अडतं." केवढे हसलात तुम्ही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: सरांपुढचा निष्कर्ष मी एका दिवसात मागे घेतला. तुमच्यापुढचं ते खोटं मात्र आजही मागे घेणार नाही.