‘तिथी’चा वारस

३ फेब्रुवारी १९९९, भेस्तान, सुरत
अखेर लिनक्स ही फुकट संगणक-प्रणाली वाटणाऱ्या मंडळींना मेल टाकली — ‘तिथी’ सांभाळायला दुसरं कुणी बघा. साखरेनं डोळे खाल्ले, पडद्यावरची अक्षरं एकात एक मिसळतात. रोजची तिथी दाखवणारं एवढंसं पॅकेज, छोटा प्रोग्रामच. पण कॉलेजचं तोंड न पाहता मी लिहिलं, आणि त्यांच्या सीडीत माझ्या नावानं जातं. कुणी घेतलं नाही तर पुढच्या सीडीतून वगळतील. नियमच आहे.

११ फेब्रुवारी
कुणी पी. जरीवाला तयार झालाय. सुरतेचाच दिसतो. कार्तिकापासून गुजराती वर्ष दाखवायची सोय करून पाठवली. काम चोख, मान्य! पण बदलांच्या नोंदीत एक अक्षर नाही, आणि मला न विचारता थेट मंडळींकडे. परत केलं. लिहिलं — दुसऱ्याच्या घराची भिंत पाडायची तर आधी घरमालकाला विचारतात.

१४ फेब्रुवारी
जरीवालानं माफी मागितली. आता मला विचारून, नोंद लिहून पाठवलंय. पण माझ्या नावाखाली स्वतःचं नाव आधीच जोडलं! मी सोडल्याशिवाय तसं करत नाहीत. पुन्हा परत.
उषा म्हणाली, “देऊन टाका ना. तुम्हाला कुणी पसंत पडतं का कधी?”
“न विचारता केलेलं मला चालत नाही.”
ती उठून आत गेली. आमच्या प्रियांकानं परस्पर लग्न केलं तेव्हापासून अशीच उठून जाते.

१९ फेब्रुवारी
जरीवालाची मेल. ‘त्रास दिला, क्षमस्व. दुसरं कुणी शोधा.’
एवढ्यात दमला.

२ मार्च
नव्या सीडीची यादी आली. भिंग घेऊन दोनदा पाहिली. ‘तिथी’ नाही.
जेवण गेलं नाही. उषाला सांगितलं, तर तीच रडायला लागली. “तिकडे पोर रडी राहिनी,” म्हणाली. कोण पोर रडतेय, ते विचारायचं धैर्य झालं नाही.

३ मार्च
आज विचारलं. जावयाचं नाव जयेश, एवढंच मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी उषा आडनाव सांगत होती तेव्हा मी उठून गेलो होतो.
जरीवाला.
प्रियांका आईला म्हणाली होती — बाबा माझ्याशी बोलणार नाहीत, पण कामाचं लिहिलं तर उत्तर देतील.
दिलं. दोन्ही वेळा.